कॅन्सर नाही, टीबीही नाही; मग ही गाठ कसली?

लॅबच्या काउंटरवर रिपोर्टचं पाकीट मिळालं की माणसं ते घरी नेईपर्यंत थांबत नाहीत. तिथेच पंख्याखाली उभं राहून फोडतात. गेल्या वर्षी एक तिशीच्या आतली बाई आणि तिच्या सासूबाई अशाच उभ्या होत्या. सुनेच्या डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ होती, वरची कातडी लालसर झाली होती आणि बोंड आत ओढलं गेलं होतं. सोनोग्राफीत कॅन्सरची शंका लिहून आली होती आणि त्या घरात आठ दिवस कुणाच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. रिपोर्टात कॅन्सर नव्हता. मी स्वतः बाहेर येऊन तसं सांगितलं. सासूबाईंनी हात जोडले. सुनेनं मात्र रिपोर्टातल्या लांबलचक नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, मग हे काय आहे?"

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आजाराचं नाव सांगणं हे माझं काम. पेशंटशी आमची गाठ सहसा पडत नाही, तुकड्याशी पडते. त्या दिवशी काउंटरवर पाच मिनिटांत जे सांगता आलं नाही ते इथे सविस्तर सांगते, कारण हा आजार दुर्मिळ असला तरी ज्या घरात येतो तिथल्या माणसांना वर्षभर हैराण करतो. आणि या आजारात होणाऱ्या बऱ्याच चुका टाळता येण्याजोग्या असतात.

रिपोर्टातलं नाव होतं इडिओपॅथिक ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस. हे नाव शेवटाकडून वाचलं की सोपं जातं. मॅस्टायटिस म्हणजे स्तनाचा दाह. ग्रॅन्युलोमॅटस म्हणजे ज्या दाहात 'ग्रॅन्युलोमा' नावाचे पेशींचे पुंजके तयार होतात असा. आणि इडिओपॅथिक म्हणजे ज्याचं कारण सापडलेलं नाही असा. डॉक्टर याला थोडक्यात आयजीएम म्हणतात, आपणही तेच म्हणू.

१९७२ मध्ये केसलर आणि वोलोक या दोन डॉक्टरांनी या आजाराचं पहिल्यांदा वर्णन केलं. तपासताना ही गाठ हुबेहूब कॅन्सरसारखी लागते, हे त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवलं. पन्नास वर्षं झाली, तरी गोंधळ तिथूनच सुरू होतो.

काटा रुतल्यावर शरीर काय करतं

शेतात अनवाणी चालताना बाभळीचा काटा रुतून मोडला आणि टोक आतच राहिलं, तर काय होतं? पहिले दोन-चार दिवस ठणका लागतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात आणि ते टोक गिळून संपवायला बघतात. काटा काही पचत नाही. मग शरीर दुसरा मार्ग धरतं. पेशी काट्याभोवती कडं करतात, एकमेकींना चिकटतात, काही तर एकत्र होऊन एकेक मोठी पेशी बनतात. शत्रू मारता येत नसेल तर त्याला कोंडून तरी ठेवायचा. या कडं केलेल्या पेशींच्या पुंजक्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. बाहेरून बोटांना लागते ती कडक गाठ.

टीबीच्या जंतूच्या बाबतीत शरीर हेच करतं, कारण त्या जंतूचं कवच मेणचट असतं आणि ते पचत नाही. काही बुरशींच्या बाबतीतही तसंच. म्हणून स्लाइडवर ग्रॅन्युलोमा दिसला की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, आत कोण कोंडलंय?

आयजीएममध्ये कडं असतं, पहारा असतो, आणि आत शोधलं तर बहुतेक वेळा कुणीच सापडत नाही. हा आजार समजायला अवघड जातो तो यामुळेच.

कुणाला होतो, आणि का

द्राक्षाचा घड डोळ्यांसमोर आणा. स्तनात अशा घडांचे पंधरा-वीस गट असतात. द्राक्षमणी म्हणजे दूध तयार करणाऱ्या बारीक पिशव्या, देठ म्हणजे दुधाच्या नळ्या, आणि सगळे देठ बोंडाकडे जातात. आयजीएमचे ग्रॅन्युलोमा नेमके या घडांमध्ये धरतात. म्हणजे आजाराचा दुधाच्या यंत्रणेशी जवळचा संबंध आहे.

बहुतेक रुग्ण २० ते ४५ या वयातल्या, मूल झालेल्या असतात, आणि शेवटच्या बाळंतपणाला साधारण पाच वर्षं व्हायच्या आत त्यांना गाठ लागते. सध्या सगळ्यात पटणारी मांडणी अशी आहे की एखाद्या नळीचं अस्तर कुठेतरी दुखावतं आणि आतलं दूध किंवा स्राव बाजूच्या मांसात, चरबीत झिरपतो. पाटाचा बांध फुटून पाणी शेजारच्या वावरात शिरावं तसं. ते दूध नळीत असतं तेव्हा शरीर त्याला आपलं मानतं, भलत्या जागी दिसलं की परकं समजतं, आणि पहारा बसतो. काही रुग्णांत प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढलेलं आढळतं. मानसिक आजारावरची काही औषधं आणि मळमळीवर दिलं जाणारं डोम्पेरिडोन यांनीही ते वाढतं. म्हणून कुठली औषधं चालू आहेत ते डॉक्टरांना न लाजता सांगा, मनाच्या आजारावरच्या गोळ्या असल्या तरी.

तुर्कस्तान, इराण, चीन, भारत आणि अमेरिकेतल्या लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रिया यांच्यात या आजाराच्या नोंदी जास्त दिसतात. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात मोजणी झाली तेव्हा २० ते ४० वयाच्या लाख स्त्रियांमागे २.४ असा आकडा आला होता. आजार किती दुर्मिळ आहे याचा त्यावरून अंदाज येईल.

इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. "लवकर पाजणं सोडलं म्हणून झालं", "एकाच बाजूनं पाजत होतीस", "ओल्या अंगानं गार वाऱ्यात बसलीस", "दूध साकळलं तेव्हा नीट काढलं नाहीस" ही बोलणी या बायकांना हमखास ऐकावी लागतात. आईच्या कुठल्या चुकीमुळे हा आजार होतो असं कधीही दिसलेलं नाही. हे वाक्य घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

मग कॅन्सरसारखा का दिसतो

कारण तपासणारा हात असो की मशीन, दोघांनाही गाठ कशाची बनली आहे ते कळत नाही. गाठीचा आकार, कडा आणि आजूबाजूची ओढाताण तेवढी कळते.

दाहामुळे मांस घट्ट होतं, म्हणून गाठ कडक लागते. दाह घडांमधून वेडावाकडा पसरतो, म्हणून कडा ओबडधोबड. तो आजूबाजूच्या धाग्यांना ओढून घेतो, म्हणून बोंड आत जातं आणि कातडीला खळगा पडतो. काखेत अवधाण येतं. कॅन्सरमध्ये हे सगळं अगदी असंच होतं. पेट स्कॅनसुद्धा फसतो, कारण तो साखर भराभर खाणाऱ्या पेशी उजळून दाखवतो, आणि दाहातल्या पेशींची भूकही कॅन्सरच्या पेशींसारखीच मोठी असते.

सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीच्या रिपोर्टात 'बायरॅड्स ४' असं लिहिलेलं असतं. त्यातला चार हा आकडा म्हणजे कॅन्सरची चौथी पायरी, असा समज मी कितीतरी घरांत पाहिला आहे. तसं अजिबात नाही. बायरॅड्स हा संशयाचा क्रमांक आहे, आणि चार म्हणजे 'तुकडा काढून पाहायला हवा'. या गटात कॅन्सर निघण्याची शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते. इतकी मोठी तफावत असताना त्या आकड्यावरून रडायचंही नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही.

निर्धास्त होऊ नका हे मुद्दाम सांगते. '२०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण' असा जागतिक अंदाज आहे. आयजीएम त्यापुढे मूठभर. शिवाय एक जातीचा कॅन्सर असाच दाहाच्या रूपात येतो. स्तन लाल, गरम होतो, सुजतो, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते, कधी हाताला गाठही लागत नाही. तो झपाट्यानं वाढतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्याचं प्रमाण १ ते ५ टक्के आहे. 'दुखतंय म्हणजे कॅन्सर नाही' हा आपल्याकडचा पक्का समज इथे जिवावर बेततो. लाल झालेला स्तन अँटिबायोटिकनं आठ-दहा दिवसांत उतरला नाही, तर तो अंगावर काढायचा नाही.

"सुई टोचली की कॅन्सर पसरतो म्हणे"

ही भीती मला सगळ्यात जास्त भेटते, शिकलेल्या घरांतही. भीतीमागचा तर्क साधा आहे. मधाच्या पोळ्याला काठी लावली की माश्या उडतात, तसं गाठ डिवचली की ती पसरेल. पण गाठ म्हणजे पोळं नव्हे. सुईच्या वाटेवर एखाद-दुसरी पेशी राहिल्याची उदाहरणं क्वचित आहेत, पण सुईनं तपासणी केलेल्या स्त्रियांचं आयुष्य त्यामुळे कमी होतं असं जगभरच्या इतक्या वर्षांच्या अनुभवात दिसलेलं नाही. आता तर कॅन्सरची शंका असेल तर ऑपरेशनच्या आधी सुईचा तुकडा घेणं हीच सगळीकडची रीत आहे.

यातही दोन सुया वेगळ्या. एक बारीक, इंजेक्शनसारखी. तिच्या तपासणीला एफएनएसी म्हणतात आणि तिच्यात सुट्या पेशी येतात. दुसरी जाड, तिनं जागा बधिर करून 'कोअर बायोप्सी' करतात. स्टेपलरसारखा खट् आवाज होतो आणि शेवईच्या तुकड्याएवढा मांसाचा धागा बाहेर येतो. असे तीन-चार धागे घेतात. पहिली तपासणी म्हणजे भिंतीच्या सुट्या विटा हातात येणं. दुसरीत भिंतीचा अख्खा तुकडा मिळतो, विटा कशा रचल्या होत्या ते दिसतं. आयजीएम ओळखायला ती रचना लागते. ग्रॅन्युलोमा घडांमध्येच आहेत का, हे सुट्या पेशींवरून सांगता येत नाही. तुम्हाला निवड दिली तर दुसरी सुई मागा.

दोन बाटल्या

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ती गोष्ट.

तुकडा आमच्याकडे येतो तो छोट्या बाटलीत, फॉर्मालिनमध्ये बुडवून. फॉर्मालिन हे मांस सडू नये म्हणून वापरायचं द्रव. नाकाला झोंबतं, डोळ्यांत पाणी आणतं. ते पेशींचा आकार जसाच्या तसा राखतं, त्यामुळे मला स्लाइड छान वाचता येते. पण ते जंतूही मारून टाकतं. मेलेला जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नाही. म्हणून स्तनातल्या अशा गाठीचा तुकडा काढताना दोन बाटल्या लागतात: एक फॉर्मालिनची, आमच्यासाठी, दुसरी साध्या निर्जंतुक सलाइनची, जंतू शोधणाऱ्यांसाठी. दुसऱ्या बाटलीतल्या तुकड्यावर टीबीची सीबीनॅट तपासणी होते, तिचा निकाल दोनेक तासांत मिळू शकतो. जंतूंचं कल्चरही त्यावरच लावतात. टीबीच्या कल्चरला सहा ते आठ आठवडे लागतात. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात सीबीनॅट मोफत होते.

माझ्याकडे येणाऱ्या केसेसमध्ये ही दुसरी बाटली पुष्कळदा नसते. सगळं मांस फॉर्मालिनमध्ये आलेलं असतं. मग मी स्लाइड वाचते, 'ग्रॅन्युलोमा आहेत, टीबी वगळावा' असं लिहिते, आणि वगळायला हातात फारसं काही उरत नाही. पेशंटला पुन्हा सुई टोचून घ्यायला सांगणं फार जड जातं. म्हणून बायोप्सीच्या आधीच डॉक्टरांना विचारा, "थोडा तुकडा कल्चरसाठी सलाइनमध्ये ठेवाल ना?" या एका वाक्यानं पुढचे सहा महिने वाचू शकतात.

टीबीवर एवढा भर का? जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा भारतात आहे. स्तनाचा टीबी नवा नाही. लंडनचे सर्जन सर अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२९ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं, टीबीचा जंतू सापडायच्या अर्धशतक आधी. पाश्चात्त्य देशांत तो आज जवळपास दिसत नाही, आपल्याकडे दिसतो. आणि तोही तरुण बायकांनाच जास्त, त्याचीही गाठ, त्यालाही पू, त्याच्यातही ग्रॅन्युलोमा. टीबीच्या ग्रॅन्युलोमाच्या मध्यभागी पेशी मरून ताज्या पनीरासारखा भुसभुशीत, निर्जीव भाग होतो. आयजीएममध्ये तसं होत नाही, तिथे पू करणाऱ्या पेशींचे बारीक साठे असतात. पुस्तकात हा फरक स्वच्छ आहे. स्लाइडवर तो नेहमी तसा राहत नाही.

मग मी टीबीचा खास रंग दिलेली स्लाइड घेऊन बसते. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या शोधायच्या. तेलाचा थेंब टाकून, सगळ्यात मोठ्या भिंगाखाली, शेतात सर काढत जावं तसं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. अर्धा तास जातो, मान अवघडते. स्तनाच्या टीबीत जंतू मुळातच थोडे असतात, त्यामुळे काडी दिसली नाही म्हणून टीबी नाहीच असं म्हणता येत नाही. सीबीनॅट निगेटिव्ह आली तरी तेच. म्हणून सगळं एकत्र ठेवून पाहावं लागतं: स्लाइड, कल्चर, छातीचा एक्स-रे, घरात कुणाला टीबी होता का, वजन उतरलंय का, संध्याकाळी ताप येतो का.

कधी कधी स्लाइडवर एक वेगळीच खूण दिसते. मधोमध गोल, रिकामं, थेंबाच्या आकाराचं छिद्र असतं, तिथे चरबीचा थेंब होता. त्याच्या भोवती पू करणाऱ्या पेशींची गर्दी, त्याबाहेर ग्रॅन्युलोमा. आणि त्या रिकाम्या छिद्रात, नीट पाहिलं तर, दोन-चार जांभळट काड्या. हा कोरिनेबॅक्टेरियम क्रॉपेनस्टेड्टी नावाचा जंतू. या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी त्याचा या आजाराशी संबंध दाखवला. त्याला चरबीची आवड. साध्या कल्चरमध्ये तो लवकर वाढत नाही, आणि वाढलाच तर 'कातडीवरचा जंतू चुकून आला' म्हणून सोडून दिला जातो. दाहासाठी नेहमी दिली जाणारी पेनिसिलिनच्या कुळातली औषधं त्याच्यावर अनेकदा चालत नाहीत. चरबीत शिरू शकणारी, डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं लागतात. दोन-तीन अँटिबायोटिकचे कोर्स फुकट गेल्याची तक्रार कानावर येते, त्यातल्या काही जणींच्या बाबतीत हे कारण असू शकतं. सगळ्यांच्या बाबतीत नाही. पण कल्चर लावताना 'हा जंतू शोधा, प्लेट जास्त दिवस ठेवा' असं लॅबला सांगितलं तरच तो सापडतो.

"टीबीची औषधं देऊन बघू, बरं वाटलं तर टीबीच"

हे वाक्य वरवर शहाणपणाचं वाटतं. आपल्या देशात टीबी भरपूर, औषधं हाताशी, आणि पेशंटला किती दिवस ताटकळत ठेवायचं? डॉक्टरांची अडचण मला कळते. जिथे सगळ्या तपासण्या करूनही टीबीचीच शंका बळावते तिथे औषधं सुरू करावीच लागतात. पण तपासण्या न करता दिली आणि सहा महिन्यांनी गाठ विरली, तर तो टीबी होता असं सिद्ध होत नाही. दोन कारणं आहेत. आयजीएम आपला आपण बरा व्हायलाही बऱ्याचदा सहा महिने ते दीड वर्ष लागतं, म्हणजे टीबीच्या कोर्सची मुदत आणि आजार ओसरायची मुदत एकच येते. शिवाय टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन त्या चरबीप्रेमी जंतूलाही मारू शकतं. श्रेय भलत्याला जातं, पेशंटच्या कागदांवर टीबीचा शिक्का बसतो, आणि सासरी-माहेरी तिचं ताट वेगळं होतं. ते वेगळं ताट मी पाहिलेलं आहे.

उलट चूक याहून धोक्याची. टीबी असताना आयजीएम समजून दाह दाबणारं स्टिरॉइड सुरू केलं तर? स्टिरॉइड पहारेकऱ्यांना झोपवतं. आत चोर नसेल तर उगाच चाललेला आरडाओरडा थांबतो, घराला आराम पडतो. आत चोर असेल तर त्याला रान मोकळं. म्हणून आधी टीबी तपासायचा, मग स्टिरॉइड. हा क्रम उलटा करून चालत नाही.

गळू आहे ना, मग चीर का देत नाहीत

कारण आयजीएमची जखम भरत नाही. साध्या गळवाला चीर दिली, पू काढला, की आठवड्याभरात ते आत बसतं. इथे चीर दिलेल्या जागी तोंड पडतं, ते महिनोन्महिने वाहत राहतं, एक बंद होतं तर शेजारी दुसरं फुटतं. पू साठलाच तर सोनोग्राफीत बघून सुईनं ओढून घेतात, लागेल तर पुन्हा ओढतात.

"एकदाची काढूनच टाका" हेही कळवळून म्हटलं जातं. जुन्या नोंदींत कॅन्सर समजून अख्खा स्तन काढल्याचीही उदाहरणं आहेत. पण आयजीएमला ठाम हद्द नसते. दिसतो तेवढा भाग काढला तरी शेजारच्या घडात दाह पुन्हा डोकं वर काढू शकतो, आणि तरुण बाईच्या स्तनाचा आकार कायमचा बिघडतो. ऑपरेशनला जागा आहे, पण औषधांनी आग विझल्यावर उरलेल्या लहान भागासाठी किंवा काहीच लागू पडत नाही तेव्हा.

मग उपचार काय

जगभरच्या डॉक्टरांचं एकमत झालेला एकच उपचार नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या म्हणजे एकाला कळत नाही असं नव्हे.

गाठ लहान असेल, त्रास कमी असेल तर नुसतं लक्ष ठेवतात. यात काही न करणं अभिप्रेत नाही. ठरलेल्या तारखेला तपासणं आणि सोनोग्राफी चालूच असते. पण आपल्याकडे औषध न देणाऱ्या डॉक्टरवर विश्वास बसत नाही, आणि मग ही बाई डॉक्टर बदलत फिरते, प्रत्येक नव्या ठिकाणी नवं अँटिबायोटिक, कुठे पोटीस, कुठे चीर.

त्रास जास्त असेल तर स्टिरॉइडच्या गोळ्या देतात. हा उपाय १९८० पासून वापरात आहे. गोळ्यांनी तोंड सुजतं, भूक आणि साखर वाढते, झोप उडते, हे खरं आहे, घाबरणंही साहजिक आहे. म्हणूनच हल्ली काही जण स्टिरॉइडचं इंजेक्शन थेट गाठीत देतात किंवा वरून मलम लावायला देतात. त्यात बाकीच्या शरीराला त्रास कमी होतो. गोळ्या चालू असतील तर एक नियम मोडायचा नाही: बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंद करायच्या नाहीत. बाहेरून स्टिरॉइड मिळत असताना शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं मंदावतं. ते पुन्हा सुरू व्हायला वेळ द्यावा लागतो, म्हणून डोस हळूहळू उतरवतात.

स्टिरॉइड कमी केलं की गाठ उसळत असेल तर मेथोट्रेक्सेट देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवाला धोका होतो, आणि अशा चुका खरोखर घडतात. वार ठरवा, कॅलेंडरवर लिहा, घरातल्या दुसऱ्या कुणाला सांगून ठेवा. ही गोळी चालू असताना गर्भ राहू देऊ नये आणि बाळाला पाजू नये. गोळी बंद केल्यावर किती महिने थांबायचं तेही विचारून घ्या.

काही जणींना याच काळात नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी येतात, घोटे-गुडघे सुजतात. तो वेगळा आजार समजून दुसऱ्या डॉक्टरकडे दाखवला जातो. त्याचा संबंध याच दाहाशी असू शकतो. सर्जनला आवर्जून सांगा.

पुढे याचा कॅन्सर होतो का?

आयजीएमचा कॅन्सर होतो असं दिसलेलं नाही. तरी नजर ठेवायची, कारण प्रत्येक बाईला असते तेवढी कॅन्सरची शक्यता हिलाही आहेच. उपचार चालू असूनही गाठ वाढली, वागणं बदललं, तर पुन्हा तुकडा घ्यायला कचरू नये. आजार उलटतो मात्र: त्याच बाजूला, क्वचित दुसऱ्या बाजूला, कधी पुढच्या बाळंतपणानंतर. उलटला म्हणजे पहिला उपचार चुकला असं नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. तुमच्या तुकड्याचा मेणात बसवलेला ठोकळा आणि स्लाइड्स लॅबमध्ये जपून ठेवलेल्या असतात. दुसरं मत हवं असेल तर त्या मागा. नुसता कागदाचा रिपोर्ट नेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला काहीच करता येत नाही. त्याला तुकडा पाहावा लागतो. मागण्यात संकोच नको, आम्हाला त्याचा राग येत नाही.

पंख्याखाली उभी असलेली ती सून चौदा महिन्यांनी परत आली होती. स्लाइड्स परत करायला. तिचा टीबी निगेटिव्ह आला होता, सहा महिने स्टिरॉइड हळूहळू उतरवत घेतलं होतं, मध्ये एकदा गाठ उलटली, पुन्हा बसली. बोंडाशेजारी रुपयाएवढा काळसर डाग राहिला होता आणि खाली थोडं खोलगट. ती जायला निघाली, दारात थांबली आणि विचारलं, "दुसरं बाळ झालं तर मला पाजता येईल का?" मी सांगितलं, उजव्या बाजूला काहीच अडचण नाही, डावीकडे दूध कमी येईल कदाचित, आणि गाठ पुन्हा लागली तर पहिल्या आठवड्यातच सर्जनकडे जायचं. तिनं ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मग म्हणाली, "आणि दोन बाटल्या. ते लक्षात आहे माझ्या."